पोट आतून चिकटू नये म्हणून

माझ्या पोटावर नाभीच्या वरून सुरू होऊन थेट खाली उतरणारा उभा व्रण आहे. कॉलेजात असताना अपेंडिक्स फुटलं, पोटभर पू झाला आणि रातोरात पोट उघडून सगळं धुऊन काढावं लागलं, त्याची ती खूण. जीव वाचला, परीक्षा बुडाली, पुढच्या वर्षी दिली. त्यानंतर कित्येक वर्षं त्या व्रणाकडे माझं लक्षही गेलं नाही.

मग एका दिवाळीच्या आसपास आतडं अडकलं. संध्याकाळी पोटात कळ यायला लागली. कळ यायची, वाढत जायची, पिळून काढायची आणि ओसरायची. वाटायचं, गेली. की पुन्हा. घरात सगळ्यांनी फराळाचं अजीर्ण ठरवलं, ओवा-सैंधव झालं. मध्यरात्री हिरवट उलट्या सुरू झाल्या, पोट टम्म फुगलं आणि वारा सरणं पूर्ण थांबलं. पौड रोडवरून नवऱ्याने गाडी काढली ती थेट हॉस्पिटलच्या अपघात विभागात. उभं करून एक्स-रे काढला. फुगलेल्या आतड्यात वर हवा, खाली पाणी, आणि त्यांच्या सीमेवर आडव्या रेघा, एकीखाली एक पायऱ्यांनी उतरत गेलेल्या. ड्यूटीवरच्या सर्जननी फोटो पाहिला, माझ्या पोटावरचा व्रण पाहिला आणि विचारलं, ‘‘हे ऑपरेशन कशाचं?’’

जुन्या ऑपरेशननंतर पोटात आतल्या आत ऊतींचे पट्टे तयार झाले होते आणि त्यातल्या एका पट्ट्याखाली लहान आतड्याला पीळ बसला होता. डॉक्टरमंडळी याला ॲडहेजन्स म्हणतात. लहान आतडं अडकून येणाऱ्या पेशंटांमध्ये निम्म्याहून जास्त जणांचं कारण हेच असतं, हे मला त्या रात्री कळलं. आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या ऑपरेशननंतर जे डिस्चार्ज कार्ड मिळालं त्यात टाके कधी काढायचे ते होतं, काय खायचं ते होतं; पुढे कधीतरी आतडं अडकू शकतं आणि ते कसं ओळखायचं, याबद्दल एक ओळही नव्हती. याचा मला आजही राग येतो.

त्या वेळी ऑपरेशन टळलं. नाकातून जठरात नळी घातली. ‘‘घोट घ्या, गिळा, गिळा, थांबू नका,’’ सिस्टर म्हणत होत्या आणि घशातून ती थंड नळी सरकताना डोळ्यांतून पाणी येत होतं. पण पिशवीत हिरवं पाणी उतरायला लागल्यावर पोटातला ताण जो हलका झाला, त्यासाठी ती नळी मी पुन्हाही घालून घेईन. तोंडाने काही नाही, हातात सलाइन. नंतर नळीतूनच एक पाण्यात विरघळणारं, एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध सोडलं. ते 24 तासांच्या आत मोठ्या आतड्यात पोचलं तर अडथळा आपला आपण सुटण्याची शक्यता बरीच असते. नाही पोचलं तर बहुतेक वेळा पोट उघडावं लागतं. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत मोठ्या आतड्याची चौकट पांढरी दिसली आणि दुपारी वारा सरला. वॉर्डातल्या मावशींनी ही बातमी माझ्या नवऱ्याला बाहेर जाऊन सांगितली तेव्हा त्याने त्यांचे हात धरले होते.

हे सगळं इतकं सांगितलं, कारण पुढे गर्भाशयातल्या गाठींमुळे ऑपरेशनची वेळ आली तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. पाळीत अंगावरून इतकं जात होतं की हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. गोळ्या झाल्या, हॉर्मोन्स झाले, गर्भाशय काढण्यावाचून आता मार्ग नव्हता. ते मला मान्य होतं. पण पोटात पुन्हा हात घातला की पुन्हा चिकटणार, आणि पुन्हा ती रात्र, हे मला नको होतं. ते टाळण्यासाठी काय करतात, हे समजून घेतल्याशिवाय मी सही करणार नव्हते.

एरंडवण्यातल्या एका बाईंचं नाव दोघा-तिघांनी सुचवलं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञ, दुर्बिणीच्या ऑपरेशनचा मोठा अनुभव. पहिल्याच भेटीत मी म्हटलं, ‘‘मॅडम, गर्भाशय तुम्ही नीट काढाल याची मला खात्री आहे. माझी आतडी पुन्हा चिकटू नयेत म्हणून तुम्ही काय करता, ते मला सांगा.’’ त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर पेशंटांची रांग होती तरी कागद ओढून चित्र काढत त्या बोलत राहिल्या. त्या दिवशी कळलेलं आणि नंतर वाचून पक्कं केलेलं, असं दोन्ही इथे एकत्र लिहिते आहे.

पोटाच्या पोकळीला आतून, आणि आतडी, गर्भाशय, यकृत या सगळ्यांना वरून, एक पातळ ओलसर अस्तर असतं, पेरिटोनियम. सगळं उलगडून पसरलं तर जवळपास आपल्या अंगावरच्या कातडीइतकं भरेल, पण पृष्ठभागावर पेशींचा थर एकच. त्याच्या ओलाव्यावर आतडी दिवसरात्र एकमेकांवरून सरकत असतात. हा थर फार नाजूक. कोरड्या कापडाने पुसला तरी सोलवटतो. दिव्याखाली उघडा राहिला की सुकतो. चिमट्यात धरला, रक्त थांबवण्यासाठी जाळला, टाक्यात आवळला, की तिथला रक्तपुरवठा तुटतो. अशा दुखावलेल्या जागी काही तासांतच फायब्रिन नावाचं चिकट प्रथिन साचतं. रक्त गोठताना जे जाळं होतं, तेच हे. शेजारी दुसरी दुखावलेली जागा असली की दोन्ही एकमेकींना धरतात.

इथवर सगळं परत फिरण्यासारखं असतं. निरोगी अस्तर स्वतःच असा एक पदार्थ बनवतं की ज्यामुळे फायब्रिन दोन-तीन दिवसांत विरघळून जातं. पण रक्तपुरवठा तुटला असेल, जंतुसंसर्ग असेल, तर ही ताकद कमी पडते. मग उरलेल्या फायब्रिनमध्ये पेशी शिरतात, त्या कोलॅजनचे चिवट धागे विणतात, त्यात नव्या रक्तवाहिन्या येतात, आणि पट्टा कायमचा होतो. माझं अपेंडिक्स फुटून पू झाला होता, म्हणजे पोटभर सूज आणि संसर्ग. माझं पोट चिकटणारच होतं.

अस्तर पुन्हा भरून यायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. यातली मला सगळ्यात नवलाची वाटलेली गोष्ट अशी, की सोललेली जागा नखाएवढी असो की तळहाताएवढी, वेळ जवळपास तेवढाच लागतो. कातडीची जखम कडेकडेने भरत येते. इथे नव्या पेशी सगळ्या पृष्ठभागावर एकदम बसतात. म्हणजे सगळा खेळ त्या पहिल्या आठवड्याचा. मॅडम म्हणाल्या, ‘‘खिडकीच्या दारांना रंग दिला आणि ओला असतानाच ती लावून टाकली तर चिकटून बसतात ना? रंग वाळेपर्यंत मध्ये कागद घालायचा. आणि मुळात जिथे गरज नाही तिथे ब्रश लावायचाच नाही.’’

त्यांचं म्हणणं होतं की यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, आणि तो पेशंटला कधीच दिसत नाही. ऊती हलक्या हाताने धरणं, सतत ओल्या ठेवणं, रक्तस्राव नेमका थांबवणं पण जाळपोळ कमी करणं, टाके मोजके घालणं, शेवटी रक्ताच्या गुठळ्या धुऊन काढणं, कापसाचे धागे आत न राहू देणं. मूल होण्यासाठी बीजवाहक नळ्यांवर ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी ही शिस्त फार पूर्वी अंगी बाणवली, कारण तिथे चिकटलं तर ऑपरेशनच वाया. हातमोज्यांचंही तसंच. मोजे चटकन चढावेत म्हणून आत मक्याच्या स्टार्चची पावडर लावायचे. तिचे कण पोटात पडले की त्यांच्याभोवती सूज येते आणि चिकटतं. अमेरिकेने 2017 च्या जानेवारीपासून अशा पावडरच्या मोज्यांवर बंदीच घातली आणि त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. आपल्याकडे ते मोजे अजून बाजारात दिसतात. मी विचारलं, मॅडम म्हणाल्या त्यांच्या थिएटरमध्ये बिनपावडरचेच असतात. हा प्रश्न विचारायला कुणीही लाजू नये. फुकट आहे आणि उत्तर एका शब्दाचं आहे.

घरी येऊन मी आकडे शोधले. आधी पोटाचं ऑपरेशन झालेल्या लोकांचं पोट दुसऱ्या कारणाने उघडलं तेव्हा दर दहांपैकी नऊ जणांत ॲडहेजन्स सापडले, असं 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. घाबरवणारा आकडा, पण त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. त्रासाचा अंदाज यायला स्कॉटलंडचा अभ्यास जास्त उपयोगी. 1986 मध्ये तिथे पोट किंवा ओटीपोट उघडून ऑपरेशन झालेल्या जवळपास तीस हजार पेशंटांची पुढच्या दहा वर्षांची नोंद तपासली. सुमारे एक तृतीयांश लोक ॲडहेजन्समुळे किंवा त्यांच्याशी संबंध असू शकेल अशा कारणाने पुन्हा हॉस्पिटलात आले होते, सरासरी दोनदा. 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. इतकं असूनही संमतीपत्रावर सही घेताना याचा उल्लेख क्वचितच होतो.

मॅडमना जुन्या ऑपरेशनचे कागद हवे होते. पोट कुठून कुठपर्यंत उघडलं, आत काय सापडलं, काय ठेवलं, काय काढलं. माझ्याकडे निघालं ते पिवळं पडलेलं डिस्चार्ज कार्ड, त्यावर इंग्रजीत दोन ओळी. जिथे ऑपरेशन झालं होतं तिथे चौकशी केली, तर इतकी जुनी कागदपत्रं ठेवत नाहीत असं उत्तर आलं. मग आतड्याच्या वेळची फाइल, सीटी स्कॅनची सीडी, एक्स-रे, जे होतं ते नेलं. एक लक्षात ठेवण्यासारखं आहे: हे पट्टे सोनोग्राफीत किंवा सीटीत सहसा थेट दिसत नाहीत. आतडं अडकलं असेल तर कुठे फुगलंय आणि कुठून पुढे रिकामं पडलंय, ते कळतं. पट्टा असतोच असं गृहीत धरायचं. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून पोटातलं दुखणं मनाचा खेळ ठरवू नये. माझ्या नात्यातल्या एका बाईंना वर्षानुवर्षं तेच ऐकावं लागलं.

एक तपासणी मात्र मॅडमनी मुद्दाम करून घेतली आणि ती मला फार आवडली. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पोटावर जेली लावून यंत्र नाभीच्या डाव्या बाजूला टेकवलं. ‘‘खोल श्वास घ्या. सोडा. पुन्हा.’’ स्क्रीन माझ्याकडे वळवून त्यांनी दाखवलं. वर पोटाच्या भिंतीचे करडे पट्टे स्थिर, आणि त्यांच्या खालून आतडं श्वासाबरोबर सरकत होतं, खाली, वर, खाली. चांगलं सेंटिमीटरभर किंवा जास्त सरकलं तर तिथे चिकटलेलं नसावं. मग त्यांनी यंत्र व्रणावर आणलं. श्वास तोच, पण नाभीच्या खाली व्रणाच्या मधल्या भागात खालचं काहीच सरकेना. भिंत आणि आतला भाग एकत्र हलत होते. इतकी वर्षं अंगावर वागवलेली गोष्ट मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते. डॉक्टरांनी पेनने पोटावर दोन फुल्या मारल्या, इथून इथपर्यंत सांभाळा, आणि रिपोर्टातही तसं लिहिलं.

त्या फुल्यांचा उपयोग असा झाला, की दुर्बीण नाभीतून घालायची नाही हे ठरलं. नेहमी पहिलं छिद्र नाभीत घेतात, पण तिथेच आतडं भिंतीला चिकटलेलं असेल तर पहिल्या छिद्रालाच ते फाटू शकतं. म्हणून डाव्या बरगड्यांच्या खाली, जिथे सहसा चिकटलेलं नसतं, तिथून आत जायचं. दुर्बिणीने केलं तर पोट उघडून करण्यापेक्षा ॲडहेजन्स साधारण कमी होतात: आतडी हवेला उघडी पडत नाहीत, हात आणि कापड लागत नाही, भिंतीवर लांब चीर नसते. ‘‘पण आत फारच गुंता निघाला तर मी पोट उघडेन,’’ मॅडमनी स्वच्छ सांगितलं. ‘‘छिद्रांच्या हट्टापायी तुमचं आतडं पणाला लावणार नाही.’’ हे वाक्य ऐकून मी निर्धास्त झाले.

मग आला कागदाचा, म्हणजे मध्ये घालायच्या पडद्याचा विषय. मी आधी वाचून गेले होते आणि मनातून मला वाटत होतं की हा पडदा घातला की काम झालं. मॅडमनी तो समज शांतपणे काढला. एक प्रकार पातळ पापुद्र्याचा, हायलुरोनेट आणि सेल्युलोजपासून केलेला. तो आठवडाभर टिकून विरघळतो, म्हणजे नेमका हवा तितकाच वेळ. आतड्याचा भाग काढण्याच्या ऑपरेशनांतल्या एका मोठ्या चाचणीत, पुन्हा आतडं अडकून ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण त्याने शेकडा 3.4 वरून 1.8 वर आलं. पण तो ठिसूळ असतो, ओलं लागलं की जिथे टेकेल तिथे बसतो, दुर्बिणीच्या छिद्रातून नेऊन पसरायला अवघड. शिवाय आतड्याच्या ताज्या जोडावर तो गुंडाळायचा नाही, जोड गळण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलंय. दुसरा प्रकार सेल्युलोजच्या विणलेल्या जाळीचा. ती छिद्रातून नेता येते, पण जागा पूर्ण कोरडी, रक्ताचा थेंब नसलेली लागते. रक्तात भिजली तर उपयोग जातो, उलट अपायही होऊ शकतो. तिसरा, पोटात सोडून ठेवायचं द्रव, चार टक्के आयकोडेक्स्ट्रिन, ज्यावर आतडी काही दिवस तरंगत वेगळी राहतात आणि मग ते शोषलं जातं.

‘‘यातल्या कुठल्याही एकाने पट्टे कमी होतात असं दाखवता येतं. होणारच नाहीत, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि पट्टे कमी झाल्याने दुखणं कमी होतं का, याचा पुरावा त्याहून तोकडा आहे,’’ त्या म्हणाल्या. जाळी तयार ठेवायची आणि शेवटी जागा कोरडी असली तरच लावायची, असं आमचं ठरलं. खर्चाचा अंदाज आधीच लेखी घेतला, कारण मेडिक्लेमवाले अशा वस्तूंवर अडून बसतात. बसलेच. ते बिल आम्ही पदरचं भरलं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही बोललो ते जुन्या पट्ट्यांवर. मला वाटत होतं, आत जाणारच आहेत तर सगळे कापून पोट मोकळं करून टाकावं. मॅडम ठाम नाही म्हणाल्या. कापलेला प्रत्येक पट्टा दोन नव्या सोललेल्या जागा मागे ठेवतो, म्हणजे पुन्हा चिकटायला नवं आमंत्रण. वर कापताना आतड्याला भोक पडायचा धोका. गर्भाशयापर्यंत पोचायला जेवढे आड येतील आणि जिथे आतडं अडकण्यासारखा फास दिसेल, तेवढेच सोडवायचे. बाकीचे जिथे आहेत तिथे राहू द्यायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण आत गेल्यावर हात आवरता घेणं हेही कसब असणार, असं मला तेव्हापासून वाटतं.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. भूलतज्ज्ञांनी नाव विचारलं, आठवतंय. मग रिकव्हरीतली घरघर आणि नवऱ्याचा आवाज, ‘‘अगं, झालं. दुर्बिणीनेच झालं.’’

त्याच संध्याकाळी मला पलंगावर पाय सोडून बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर उभं करून चालवायला आल्या. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगाशी उभ्या. ‘‘अहो, ओली जखम आहे, कालच पोट फाडलंय, पडू द्या की तिला.’’ त्यांच्या काळी ऑपरेशन म्हणजे दहा दिवस पाठ टेकून पडणं. सिस्टरनी त्यांना खुर्ची दिली आणि माझा हात धरून कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीपर्यंत नेलं. उशी पोटावर दाबून धरायची, ताठ उभं राहायचा प्रयत्न करायचा, खोकला आला तरी उशी सोडायची नाही. दुर्बिणीच्या वेळी पोटात भरलेला वायू खांद्यात दुखत होता, पोटापेक्षा जास्त. चाललं की तो ओसरायचा.

चालण्याबद्दल मी मॅडमना खोदून विचारलं होतं, कारण लोक छातीठोकपणे सांगतात की चाललं की आतडी चिकटत नाहीत. त्यांचं उत्तर: आतडी लवकर हलायला लागावीत, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत, छातीत कफ साठू नये, या सगळ्यांसाठी चालणं औषधाइतकं मोलाचं, चालण्याने ॲडहेजन्स टळतात, हे मात्र माणसांत सिद्ध झालेलं नाही. मी चालले. पहिल्या आठवड्यातलं ते एकच काम माझ्या हातात होतं. मॅडम च्युइंगम चघळायलाही सांगतात, कारण चावण्याने आतड्यांना जेवणाची सूचना जाते आणि वारा लवकर सरतो. आईंना ते बघवेना. त्यांनी बडीशेप पुढे केली, मी तीही चघळली.

खाणं साधं होतं. पाणी, नारळपाणी, मग पेज, मग मऊ भात आणि मुगाचं वरण, वर तूप. पाहुणे शहाळी आणत राहिले.

घरी आल्यावर सदाशिव पेठेतून आत्या आली ती एरंडेलाची बाटली घेऊन. ‘‘पोटावर कोमट करून चोळ, आतली गाठ विरघळते.’’ आत्याने मला लहानपणी न्हाऊमाखू घातलंय, तिला नाही म्हणणं जड जातं. पण ताज्या टाक्यांवर मालिश अजिबात नाही, ही मॅडमची सक्त सूचना होती. वरून लावलेलं तेल आत पेरिटोनियमपर्यंत पोचत नाही. पोटाला बाहेरून हलक्या हाताने हलवून आतले पट्टे कमी होतात का, यावर उंदरांमध्ये प्रयोग झालेत आणि त्यांत थोडा फरक दिसला आहे. माणसांबाबत अजून तसं म्हणता येत नाही. मी आत्याला म्हटलं, ‘‘आत्या, टाके नीट भरू देत, मग तू पायाला चोळून दे.’’ ती तेवढ्यावर खूश झाली. शेजारच्या काकांनी सूज उतरायच्या गोळ्या सुचवल्या, ज्या आपल्याकडे दात काढण्यापासून हाड मोडण्यापर्यंत सगळ्याला देतात. त्यांनी पोटातलं चिकटणं टळतं याला भक्कम आधार नाही, असं मॅडमनी सांगितल्यावर मी त्या घेतल्या नाहीत.

टाके दाखवायला गेले तेव्हा मॅडमनी ऑपरेशनचं चित्रीकरण लावून दाखवलं. बघणार का, असं आधी विचारलं. मला बघायचंच होतं. बरगडीखालून दुर्बीण आत जाते आणि समोर पोटाच्या छताला लोंबकळणारा पिवळा पडदा, आतड्यांवरून पांघरलेली चरबीची झालर, ती व्रणाला बरोबर त्या दोन फुल्यांच्या मध्ये चिकटलेली. तिच्या कडेला लहान आतड्याचा एक वेढा ओढला गेलेला. नाभीतून छिद्र घेतलं असतं तर सुई तिथेच गेली असती. मॅडमनी कात्रीने, जाळण्याचं यंत्र न लावता, झालर भिंतीपासून सोडवली. आतड्याचा वेढा आपसूक खाली आला. त्याखाली उजवीकडे, जुन्या अपेंडिक्सच्या जागी, आतडी एकमेकांना घट्ट बिलगलेली दिसत होती. ‘‘तिथे गेले नाही,’’ त्या म्हणाल्या. शेवटी सगळं कोमट सलाइनने धुतलं, पाणी काढलं, पुन्हा धुतलं. गर्भाशय काढल्यावर जिथे शिवतात ती जागा त्यांनी बराच वेळ नुसती बघत ठेवली, रक्त येतंय का म्हणून. मग पांढरी जाळी आत आली, घडी उलगडली आणि त्या जागेवर बसली.

त्या चित्रीकरणाची प्रत आणि ऑपरेशन नोट्स मी मागून घेतल्या. नोट्समध्ये कुठे चिकटलेलं होतं, काय सोडवलं, काय तसंच ठेवलं आणि कुठे काय लावलं, हे सविस्तर लिहिलेलं आहे. या प्रती फोनमध्ये आहेत, नवऱ्याच्या फोनमध्ये आहेत, आणि घरच्या फाइलच्या पहिल्या पानावर आहेत. पुढच्या सर्जनला पिवळ्या कार्डावरच्या दोन ओळींवर भागवावं लागू नये.

जाळीचा किती उपयोग झाला, हे पोट पुन्हा उघडल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, आणि ते उघडावं लागू नये हीच तर इच्छा. गेली काही वर्षं आतडं अडकलेलं नाही. कधीतरी उजव्या बाजूला ओढ बसते, विशेषतः जेवण जड झालं तर. मग मी रात्री पातळ काहीतरी घेते आणि वेताळ टेकडीची फेरी दुसऱ्या दिवशीवर ढकलते. संत्र्याच्या फोडी सालासकट, कच्चा मका, शेवग्याची चोथट शेंग, असलं चिवट धाग्यांचं नीट चावल्याशिवाय गिळायचं नाही, एवढं पथ्य मी पाळते.

घरात सगळ्यांना लक्षणं पाठ आहेत, आईंनासुद्धा. येऊन-जाऊन पिळणारी कळ, उलटी, फुगत जाणारं पोट, वारा आणि शौच दोन्ही बंद. यातलं एकत्र काही दिसलं की तोंडाने अन्न-पाणी बंद, जुलाबाचं औषध किंवा एरंडेल मुळीच नाही, गॅसची इंजेक्शनं घेत घरी बसणं नाही. जिथे रात्री सर्जन आणि सीटी दोन्ही मिळेल अशाच हॉस्पिटलात जायचं. आणि कळ यायची-जायची थांबून सलग दुखायला लागलं, ताप आला, नाडी धावायला लागली, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतोय असं समजून एक मिनिटही थांबायचं नाही. कर्वे रोडवर संध्याकाळी सहानंतर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून नवऱ्याने लॉ कॉलेज रोडवरून जाणारा रस्ताही ठरवून ठेवला आहे.